सवाई

काही दिवसांपूर्वी पुण्याच्या एका तरुण मित्राचे पत्र आले. त्यात त्याने लिहिले होते, "तुम्ही भाग्यवान. जयपूरसारख्या शहरी आपली नेमणूक झाली. दाराशी किल्ले आणि राजवाडे, दर वर्षी जगभरचे लेखक आपण होऊन तुमच्या गावी येतात. आमच्या नशिबी तीच कचेरी, तीच बस आणि तोच जिना. अशा स्थितीत लिहिण्याची प्रेरणा आम्हांस यावी कोठून?"

पत्र वाचून मी ओशाळलो. कारण हा मित्र ज्या भाग्याचा हेवा करीत होता, त्या भाग्यात मी पुरी दोन वर्षे राहिलो आणि त्या काळात माझ्या हातून एक ओळही उतरली नाही. कचेरीतील टिपणे तेवढी रोज लिहिली. परंतु टिपणांना साहित्य म्हणावे इतका मी अद्याप सरकारी झालेलो नाही. पाहण्यासारखे सारे समोर असताना लेखणी का अडली आणि पुढे ती कशाने चालू लागली, हे मित्राला कळवावयाचे होते. पत्रात ते मावेना, म्हणून आज आपणांपुढे सांगत आहे.

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघणारी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी जयपुरास पोहोचते. वाटेत रतलाम लागते, कोटा लागते आणि जयपूरच्या अलीकडे एक मोठे स्थानक लागते. त्याच्या पाटीवर 'सवाई माधोपूर' असे लिहिलेले आहे. बदलीचा हुकूम खिशात घालून मी प्रथम या बाजूस आलो, तेव्हा ती पाटी वाचताच मला एकदम माझ्या आजोबांची आठवण झाली. आजोबा माण तालुक्यातील एका खेड्यात मास्तर होते. शाळेतून पावकी, निमकी, सवायकी कधीच हद्दपार झाली होती. तरीही सुटीत गावी गेलो की ओट्यावर बसवून ते मला त्या म्हणावयास लावीत. एकाचे सव्वा, दोनाचे अडीच, चाराचे पाच. मला कंटाळा येई. "याचा उपयोग काय?" असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मी तीस वर्षे विसरलो होतो. रेल्वेच्या त्या पाटीने ते परत दिले.

ते म्हणाले होते, "पेरणीला घरात बी नसले म्हणजे माणूस दुसऱ्याकडून सवाईने बी घेतो. चार पायली आणली तर सुगीला पाच पायली घालायची. ही वरची पायली कोठून येते? ज्याने दिले त्याच्या कणगीतून ती येत नाही. तुझे रान आणि तुझा घाम यांतून ती यावी लागते." सावकाराच्या दारी हाच शब्द फार कडू होता, हेही त्यांनी लपविले नाही. पाऊस न झालेल्या वर्षी सवाईची दिढी होई आणि दिढीपायी रान जाई. परंतु शेजाऱ्याने शेजाऱ्यास दिलेल्या बियाण्याचा व्यवहार वेगळा होता. त्यात वरची पायली हे व्याज नसून आपले रान पिकले याची ती खूण असे.

प्रवासाने मला काही दिले असेल तर ते एवढेच. परक्या मुलुखातील एका पाटीने माझ्याच घरातला एक शब्द माझ्या हाती ठेवला. पण त्या वेळी मला त्याचे मोल कळले नाही. मी राजवाडे पाहण्याच्या घाईत होतो.

जयपूर हे सवाई जयसिंहाचे शहर. पुरंदरच्या तहामुळे आपणांस ठाऊक असलेल्या मिर्झाराजे जयसिंहांचे हे वंशज. 'सवाई' म्हणजे इतरांहून पाव हिस्सा सरस, अशी ती पदवी. आणि येथील राजवाड्यावर मोठ्या निशाणाच्या वर त्याच्या पाव आकाराचे एक लहान निशाण फडकते. या राजाने १७२७ साली शहर वसविले. त्याचे काम विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताने पाहिले. नऊ चौकांचा आराखडा ठरला. परंतु वायव्येच्या चौकास डोंगर आडवा आला. तेव्हा डोंगराशी भांडत न बसता तो चौक तेथून काढून पूर्वेच्या बाजूस जोडला. आज जे शहर आपण पाहतो त्याचा डौल त्या मोडलेल्या चौकोनात आहे. त्याचा गुलाबी रंग बराच अलीकडचा. १८७६ साली इंग्लंडचे युवराज येणार म्हणून महाराज रामसिंहांनी तो देवविला. जवळ जाऊन पाहिले तर तो गुलाबापेक्षा आपण तुळशीवृंदावनास लावतो त्या गेरूशी अधिक नाते सांगतो.

हे सारे मी पाहिले, वहीत टिपले आणि वही मिटली. जागा सुंदर होत्या, टिपणेही बिनचूक होती. पण त्यांत मी कोठेच नव्हतो. माझ्याऐवजी दुसरा कोणी सुशिक्षित प्रवासी असता तर त्यानेही हेच टिपले असते.

मग मला वाटले, राजवाडे मुके आहेत. बोलणाऱ्या माणसांत गेले पाहिजे. जयपूरचा साहित्य महोत्सव २००६ साली सुरू झाला. पूर्वी तो दिग्गी पॅलेसच्या हिरवळीवर भरे. २०२२ पासून तो क्लार्क्स आमेर हॉटेलात भरतो. जानेवारीतील कोवळ्या उन्हात हजारो माणसे एका मंडपातून दुसऱ्या मंडपात धावत असतात. मीही रजा टाकून धावलो. एका मंडपात इतिहास चालू असे, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात राजकारण. वही जवळ नसली तर मिळेल त्या कागदावर मी वक्त्यांची वाक्ये उतरवून घेई आणि सदऱ्याच्या खिशात कोंबी. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये मराठी साहित्य संमेलन दिल्लीस तालकटोरा स्टेडियममध्ये भरले, तेव्हा तेथेही गेलो. डॉ. तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाला मराठीने भरलेला मंडप पाहून गहिवर येतो. तो मलाही आला आणि खिसा पुन्हा चिठ्ठ्यांनी भरला.

महोत्सवांची मला थट्टा करावयाची नाही. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ जो संगीत महोत्सव चालतो, त्याने किती पिढ्यांचे कान तयार केले हे आपण जाणताच. (येथेही 'सवाई' आलीच!) चांगले म्हणजे किती चांगले, याचे माप महोत्सवात कळते, आणि ते कळणे अवश्य आहे. पण मापाने धान्य मोजता येते. पिकविता येत नाही. महोत्सवाहून परतल्यावर मी लिहावयास बसलो की खिशातील वाक्ये एकामागून एक समोर येत. ती इतकी नेटकी असत की त्यांच्या शेजारी माझे वाक्य लाजून उठून जाई.

मी राहतो ते वैशालीनगर जुन्या शहराच्या पश्चिमेस आहे. नावाने थोर वस्ती! लिच्छवींच्या गणराज्याची राजधानी ती वैशाली. आणि तेथील जिने आपले आम्रवन बुद्धांना अर्पण केले त्या आम्रपालीच्या नावाचा आमच्या येथे चौक आहे. संध्याकाळी त्या चौकात मोटारींचा असा खोळंबा होतो की वैराग्य आपोआप येते. बाकी आमची वस्ती म्हणजे बँका, मिठाईची दुकाने, शिकवणीचे वर्ग आणि एकासारखी एक घरे. येथे पाहण्यासारखे काही नाही, असे मी पाहुण्यांना सांगत असे. पाहुणे आले की त्यांना घेऊन मी जुन्या शहरात जाई.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाच्या झाडाखाली एक इस्त्रीवाला उभा असतो. येथे त्याला प्रेसवाला म्हणतात. लाकडी हातगाडी, तिच्यावर चादरींची घडी आणि कोळशाची जड इस्त्री. माझे सदरे दोन वर्षे त्याच्याकडे जात होते. पण त्याचा चेहरा विचारला असता तर मला सांगता आला नसता. एकदा महोत्सवानंतरच्या आठवड्यात मी कपडे आणावयास गेलो, तेव्हा त्याने गाडीखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. कपड्यांच्या खिशांत राहिलेले कागद तो त्यात जपून ठेवी. माझ्या नावाने बांधलेली एक पुडी त्याने माझ्या हातात दिली. घरी कपडे धुवावयास टाकताना मी खिसे तपासले नव्हते, त्यामुळे शाई पाण्यात उतरली होती आणि कागदांच्या घड्या कडक झाल्या होत्या. त्याने विचारले, "काम के काग़ज़ थे, साहब?"

मी ते कागद उलगडले. कोणाचे तरी वाक्य अर्धे दिसत होते, अर्धे पुसले होते. ते कोणी म्हटले आणि मला ते का हवे होते, यांतले काहीच मला आठवेना. दोन वर्षे मी जे साठविले त्यात मला आवश्यक असे काय होते, या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. मी "नाही" म्हणालो. तो म्हणाला, "तरी पण ठेवतो मी. कागद कोणाच्या कामाचा, ते मला वाचता येत नाही ना."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. जो वाचू शकत नव्हता तो प्रत्येक कागद जपत होता; आणि जो एम. ए. होता तो न वाचताच खिसे भरीत होता. आजोबांचे शब्द आठवले. चार पायली बी मी जागोजाग घेतले होते. राजवाड्यांकडून घेतले, मंडपांतून घेतले. परंतु ते पेरले कोठेच नव्हते. कणगीत ठेवलेल्या बियाण्याला सवाई लागत नाही; त्याला कीड लागते.

यानंतर मला काही जुन्या गोष्टी निराळ्या दिसू लागल्या. जयपूर म्हटले की गाणे ऐकणाऱ्या मराठी माणसास जयपूर-अत्रौली घराणे आठवते. त्या घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँसाहेब १८५५ साली जयपूर राज्यातील उनियारा येथे जन्मले. माळव्यात अमलेट्याच्या दरबारी रात्ररात्र गाऊन त्यांचा आवाज गेला. गवयाचा आवाज जाणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. पुढे आवाज आला, पण तो पहिला नव्हता. त्या बदललेल्या गळ्याला पेलेल अशी वेगळी, वक्र आणि लयीशी घट्ट बांधलेली गायकी त्यांनी घडविली, असे सांगतात. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरास आश्रय दिला, आणि महाराजांच्या निधनानंतर ते मुंबईस राहिले. १९४६ साली तेथेच ते गेले. गोमंतकातील केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी ती गायकी घेतली. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी तिला आणखी एक वळण दिले. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली 'व्हॉयेजर' यानाबरोबर आकाशात गेली.

घराण्याला नाव जयपूरचे; पण ते फुलले पंचगंगेच्या काठी आणि गिरगावाच्या आसपास. खाँसाहेबांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून जे घेतले ते तसेच जपून ठेवले असते, तर ते त्यांच्या आवाजाबरोबरच गेले असते. आवाज गेला तेव्हा त्यांच्यापाशी उरला तो आपला एकट्याचा रियाज. त्याच रानातून वरची पायली आली.

दुसरी गोष्ट येथलीच. जयपुरात जवाहर कला केंद्र आहे. मूळ गोव्याच्या घराण्यातील आणि आयुष्यभर मुंबईत काम केलेले वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांची ती रचना. जयसिंहाचा नऊ चौकांचा आराखडा त्यांनी आधारास घेतला. नऊ ग्रहांचे नऊ चौक केले, मधला सूर्याचा चौक आकाशाला मोकळा ठेवला आणि एक चौक मुद्दाम बाजूस सरकविला. त्या फटीतून आपण आत जातो. राजाला डोंगरामुळे जी तडजोड करावी लागली, तिचाच कोरियांनी दरवाजा केला. रविवारी मी तेथील कॉफी हाउसात बसतो तेव्हा मला नेहमी वाटते, हे ऋण सव्वापट फेडले गेले.

परंतु श्रोतेहो, प्रत्येक घेणे असे फिटत नाही, आणि मराठी माणसाने तरी जयपुरात हे विसरू नये. त्रिपोलिया बाजारात ईसरलाट नावाचा एक उंच मनोरा आहे. जयसिंहाचा मुलगा सवाई ईश्वरीसिंह याने तो १७४९ साली उभारला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात, मल्हारराव होळकरांची फौज खंडणीच्या वसुलीसाठी जवळ आली असता, त्याने विष घेऊन प्राण दिला. पानिपतच्या कथांवर वाढलेल्या मला ही गोष्ट शाळेत कोणी सांगितली नव्हती. तो मनोरा पाहताना मनात आले, की त्या काळी या बाजूच्या लोकांना आपली ओळख चौथाई या शब्दाने होती. चौथाई म्हणजे पाव हिस्सा, आणि सवाईतील अधिकही पावच. गणित एकच आहे. पण एक पाव दुसऱ्याच्या कोठारातून उचलावयाचा असतो, आणि दुसरा आपल्या रानातून घालावयाचा असतो.

लेखणी घेऊन प्रवास करणाऱ्याने स्वतःला हा प्रश्न विचारला पाहिजे. परक्या गावी जाऊन तेथील रंग, पागोटी, गाणी आणि दारिद्र्यदेखील गोळा करून आणावयाचे, आणि त्यास प्रेरणा म्हणावयाचे, ही चौथाईच नव्हे काय? मी दोन वर्षे जे केले ते दुसरे काय होते? पुण्याच्या माझ्या मित्रालाही असेच काहीसे वाटते, की जयपुरास जावे आणि प्रेरणा वसूल करून परत यावे. त्याने अवश्य यावे. पण वसुलीसाठी येऊ नये.

मी पुन्हा लिहावयास लागलो तो दिवस संक्रांतीचा. जयपुरात त्या दिवशी कोणीही जमिनीवर राहत नाही. पहाटेपासून गच्च्या भरतात. तिळाचे लाडू आणि फेणी ताटांतून फिरतात आणि प्रत्येक गच्चीवर भोंगा लागतो. पतंग कापला गेला की चहूकडून "वो काटा!" अशी आरोळी उठते. आमच्या घरी तिळगूळ झाला होता. मुलीने तो शेजारच्या गच्चीवर दिला, आणि 'गोड बोला' याचा हिंदीत अर्थ सांगता सांगता तिची पुरेवाट झाली. मी कठड्याशी उभा होतो. खाली गल्ली निर्मनुष्य होती; आणि त्या निर्मनुष्य गल्लीत कडुनिंबाखाली तो इस्त्रीवाला एकटाच काम करीत होता. डोक्यावर सारे आकाश रंगले होते आणि तो वर पाहत नव्हता. मधूनच एक कापलेला पतंग हेलकावे खात आला आणि त्याच्या गाडीवर पडला. त्याने इस्त्री बाजूस ठेवली, पतंगाचा सुरकुतलेला कागद तळहाताने सपाट केला आणि तो डब्याशेजारी ठेवून दिला.

मी खाली उतरून खोलीत गेलो आणि लिहू लागलो. आजोबांचा ओटा, ती पाटी, ते न वाचता येणारे कागद आणि हा पतंग, सारे एका धाग्यात येऊ लागले. संध्याकाळपर्यंत चार पाने झाली. ती फार थोर होती असे नाही. पण त्यांत एकही वाक्य खिशातून काढलेले नव्हते.

चौथाईची भीती मनात होती, म्हणून मी एक गोष्ट केली. ते लिखाण मी त्या इस्त्रीवाल्याला वाचून दाखविले. एका दुपारी त्याच्या गाडीशी उभे राहून, मराठीचे हिंदी करीत, अडखळत वाचले. वाचताना जितका घाबरलो तितका एम. ए. च्या तोंडी परीक्षेतही घाबरलो नव्हतो. तो हातातले काम न थांबविता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ठीक है. पण एक गोष्ट तुम्ही चुकविली. तुम्ही लिहिले, मी निखारे फुंकतो आणि इस्त्री कपड्यावर ठेवतो. असे कोणी करीत नाही. आधी ती आपल्या जुन्या गमछ्यावर फिरवावी लागते. पोळला तर आपला कपडा पोळेल, लोकांचा नाही."

दोन वर्षे मी रोज त्याच्यासमोरून गेलो होतो आणि तो गमछा मला दिसला नव्हता. आता पाहिला. गाडीच्या कडेला घडी करून ठेवलेला, तपकिरी डागांनी भरलेला तो कापडाचा तुकडा सदैव तेथेच होता. मी घरी येऊन ते वाक्य दुरुस्त केले. साऱ्या लेखात तेवढे एकच वाक्य मला आजही वाचवते.

तेव्हा मित्राला मी एवढेच कळविणार आहे. सवड मिळेल तेव्हा प्रवास कर, महोत्सवांना जा, चांगले गाणे ऐक. ते बी आहे. ते घेतल्यावाचून पेरणी होत नाही. पण रान तुझे तेथेच आहे, त्या कचेरीच्या जिन्यावर आणि त्या बसच्या रांगेत. जयपुरात बसून मी जे लिहिले ते माझ्या गल्लीच्या तोंडाशी मिळाले, आणि तसे गल्लीचे तोंड तुझ्याही घरापाशी असेल. तेथे कोण उभे आहे, ते आधी पाहून ये. आणि त्याच्याविषयी काही लिहिलेस, तर ते त्याला वाचून दाखविण्यास विसरू नकोस.